पस्तीस अक्षरं आणि एक वही

इंदूरला रामबागेत आमच्या भिंतीला भिंत लागून एक जैन कुटुंब राहतं. त्या घरातल्या थोरल्या बाईंना मी काकीजी म्हणते. रोज पहाटे साडेपाचच्या सुमाराला त्यांच्याकडून हलक्या आवाजात ‘नमो अरिहंताणं’ सुरू होतं, मग आवाज थांबतो आणि पुढे बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. त्या वेळात त्या काय करतात हे मला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. पोथी वाचत असतील असं वाटायचं. एकदा सकाळी दुधाचं पातेलं परत द्यायला गेले, तर त्या चौरंगापाशी बसून रेघांच्या वहीत लिहीत होत्या. शाळेत आपण शुद्धलेखन काढायचो तसं, एकेक अक्षर सुटं, टपोरं. मी दारात उभी आहे हे त्यांना कळलं होतं, पण त्यांनी हातातली ओळ पुरी केली, पेन वहीशेजारी ठेवलं, आणि मग म्हणाल्या, “आओ बेटा.”

बँकेतून निवृत्त झाल्यावर माझी झोप बिघडली होती. रात्री तीनला जाग यायची आणि डोक्यात जुन्या गोष्टींचे हिशेब सुरू व्हायचे. काकीजींना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या हातात तळहाताएवढी एक पुस्तिका ठेवली. आत नुसते आकड्यांचे चौकोन. “रोज दो पन्ने. समझ में आए, न आए.” त्याला आता तीन वर्षं झाली, आणि त्यांच्यासारखं वहीत लिहिणंही मी सुरू केलं. तेव्हापासून ओळखीतले मराठी लोक तेच तेच प्रश्न विचारतात. हे ध्यान आहे की पूजा? आपण जैन नाही, मग आपल्याला चालतं का? आणि तीच ओळ शंभरदा लिहून होतं तरी काय? त्यांना तोंडी जे सांगते, तेच इथे नीट मांडते.

आधी मंत्र पाहू. जैनांचा हा मुख्य मंत्र, याला णमोकार किंवा नवकार म्हणतात. पाच ओळी आहेत:

णमो अरिहंताणं
णमो सिद्धाणं
णमो आयरियाणं
णमो उवज्झायाणं
णमो लोए सव्वसाहूणं

सात, पाच, सात, सात, नऊ. मोजून पस्तीस अक्षरं. पुढे ‘एसो पंच णमोक्कारो, सव्वपावप्पणासणो, मंगलाणं च सव्वेसिं, पढमं हवइ मंगलं’ ही चूलिका जोडली की अडुसष्ट होतात. चूलिकेत या पाच नमस्कारांची थोरवी आहे: हे सगळी पापं नाहीशी करतात आणि सगळ्या मंगलांत हे पहिलं मंगल आहे. रोजच्या जपाला बरेच जण पहिल्या पाच ओळीच घेतात.

अर्थ अवघड नाही. अरिहंतांना नमस्कार, म्हणजे आसक्ती आणि द्वेष यांसारख्या आतल्या शत्रूंना ज्यांनी जिंकलं त्यांना. हाच शब्द ‘अर्हत्’ वरूनही लावतात, त्याचा अर्थ पूज्य, योग्य. सिद्धांना नमस्कार, जे देहातून आणि कर्मातून कायमचे मोकळे झाले. मग आचार्य, म्हणजे संघाला वळण लावणारे. उपाध्याय, म्हणजे शिकवणारे. आणि शेवटी लोकातले सर्व साधू. सिद्ध पूर्ण मुक्त असूनही अरिहंत आधी का, हे मी काकीजींना पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. परंपरेतलं उत्तर साधं आहे. सिद्ध कुणाला दिसत नाहीत. त्यांच्याविषयी आपल्याला सांगितलं ते अरिहंतांनी, म्हणून वाट दाखवणाऱ्याचा मान पहिला.

आता या ओळींत काय नाही ते बघा. महावीरांचं नाव नाही. ऋषभदेवांचं नाही, पार्श्वनाथांचं नाही. एकाही व्यक्तीचं नाव नाही, फक्त गुणांच्या पायऱ्या आहेत. आणि मागणं तर कुठेच नाही. मुलाला नोकरी दे, दुखणं घालव, असं काही म्हणायला जागाच ठेवलेली नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. आपण काही मागायला बसलो की मन लगेच उद्याकडे धावतं: मिळेल का, कधी मिळेल. इथे धावायला उद्याच नाही. म्हणून लक्ष टिकवण्याच्या सरावाला हा मंत्र इतका योग्य आहे, असं माझं मत झालंय.

भाषा परकी वाटते, पण मराठी माणसाला ती परकी नाही. हा मंत्र प्राकृतात आहे, आणि आपली मराठीही प्राकृतातूनच आली. संस्कृत ‘उपाध्याय’चं प्राकृतात ‘उवज्झाय’ झालं. ‘ध्य’चा ‘ज्झ’ होणं आपल्या रोजच्या बोलण्यात आहे: संध्येची सांज झाली, आणि घराच्या मध्याचं माजघर झालं ते याच वाटेनं. ‘उवज्झाय’ झिजत झिजत उत्तरेत ‘ओझा’ आडनावापर्यंत पोचला. चूलिकेतलं ‘हवइ’ म्हणजे संस्कृत ‘भवति’, आपलं ‘होय’. ‘पढम’ म्हणजे प्रथम, आणि आपलं ‘पहिला’ त्याच घरातलं. शेवटचा ‘णं’ तर आपण दिवसभर वापरतो. ‘साहूणं’ म्हणजे साधूंना. ‘साधूं’वरचा तो अनुस्वार म्हणजे या जुन्या ‘णं’ची उरलेली खूण. हे कळल्यावर मला पाठांतर करावं लागलं नाही.

कुणी ‘णमो’ म्हणतं, कुणी ‘नमो’. जैनांच्या दोन पंथांपैकी दिगंबरांकडे ‘णमो’ आणि णमोकार, तर श्वेतांबरांतल्या मंदिरमार्गी, म्हणजे मूर्तिपूजक घरांत बहुधा ‘नमो’ आणि नवकार. जैन पंडित हेमचंद्राचार्यांच्या प्राकृत व्याकरणात शब्दाच्या आरंभीचा ‘न’ विकल्पानं तसाच ठेवायची मुभा आहे, त्यामुळे भांडायचं कारण नाही. काकीजी ‘नमो’ लिहितात, मी ‘णमो’ लिहिते, कारण ‘ण’ मराठी जिभेला सहज येतो. त्यांनी एकदाही हटकलेलं नाही.

आणि या ओळी जुन्या किती? ओडिशात भुवनेश्वरजवळ उदयगिरीला खारवेल राजाचा हाथीगुंफा लेख आहे, इसवी सनापूर्वीच्या काळातला. त्याची सुरुवात ‘नमो अरहंतानं, नमो सवसिधानं’ अशी होते. तिथे दोनच नमस्कार आहेत, पाच नाहीत. आपल्या मावळात पाल्याच्या लेण्यातला ब्राह्मी लेखही ‘नमो अरहंतानं’नेच सुरू होतो. पुण्याला जाता-येता लोणावळ्यावरून किती वेळा गेले असेन, पण हे शब्द तिथल्या दगडावर दोन हजार वर्षांपासून कोरलेले आहेत हे कळलं ते इंदूरला बसून.

सजगतेला आपल्याकडे शब्द होताच

माइंडफुलनेस, म्हणजे सजगता: आत्ता जे करतोय त्यावर लक्ष असणं, आणि लक्ष सुटलं तर ते सुटलंय हे कळणं. दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. जैन परंपरेत यासाठी शब्द आहे जयणा, संस्कृतात यतना. दशवैकालिक या जुन्या आगमात, म्हणजे जैन धर्मग्रंथात, शिष्य विचारतो, कसं चालावं, कसं उभं राहावं, कसं बसावं, कसं झोपावं, कसं जेवावं आणि बोलावं, म्हणजे पाप लागणार नाही? उत्तर असं आहे:

जयं चरे जयं चिट्ठे, जयमासे जयं सए ।
जयं भुंजंतो भासंतो, पावं कम्मं न बंधइ ॥

जपून चाल, जपून उभा राहा, जपून बस, जपून नीज. जपून जेवणाऱ्याला आणि जपून बोलणाऱ्याला पापकर्म चिकटत नाही. आपलं आजीच्या तोंडचं ‘जपून हो’ इथे चपखल बसतं. पावलाखाली मुंगी येऊ नये म्हणून आलेलं हे जपणं आहे. यात लक्ष आणि अहिंसा एकाच दोऱ्यात ओवलेली आहेत. लक्ष नसेल तर अहिंसा पाळताच येणार नाही.

यातूनच सामायिक येतं. सामायिक म्हणजे एक मुहूर्तभर, अठ्ठेचाळीस मिनिटं, आसनावर समभावात बसणं. काकीजी पांढऱ्या लोकरी आसनावर बसतात, बाजूला चरवळा, म्हणजे जीवजंतू हळूच बाजूला सारायचा लोकरीचा छोटा कुंचा, बोलताना तोंडापुढे मुहपत्ती. तत्त्वार्थसूत्र या जैन तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात सामायिकाचे पाच अतिचार, म्हणजे चुका, दिलेल्या आहेत. काया भरकटणं, वाणी भरकटणं, मन भरकटणं, मग अनादर, म्हणजे कसंतरी उरकणं, आणि पाचवी चूक आहे ‘स्मृत्यनुपस्थान’: आपण सामायिकात बसलोय याचीच आठवण न राहणं. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याची फोड पुन्हा करून घेतली. स्मृती हजर नसणं. आज माइंडफुलनेसच्या वर्गांत पहिल्या दिवशी जे समजावतात, त्याच्या उलट अवस्थेला या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी नाव देऊन चुकांच्या यादीत बसवलं होतं.

श्वेतांबर परंपरेत सामायिकाचे आणखी बारीक बत्तीस दोष मोजतात: मनाचे दहा, वाणीचे दहा, कायेचे बारा. मनाच्या दहांत कीर्तीसाठी करणं हा दोष आहे, लाभासाठी करणं हा दोष आहे, आणि गर्वानं करणं हाही दोष आहे. म्हणजे ‘माझी झोप सुधारावी’ म्हणून बसणंही काटेकोर पाहिलं तर त्यात येईल. मी काकीजींना तसं म्हणाले. त्या म्हणाल्या, “शुरू तो किसी भी कारण से होता है.” इथे एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगायची आहे. जैन साधकाच्या दृष्टीनं जप हा ताण घालवायचा उपाय नाही. नवं कर्म आत येऊ न देणं आणि जुनं झडू देणं, म्हणजे संवर आणि निर्जरा, हा त्याचा हेतू आहे. मन शांत होणं हे वाटेवर मिळतं. आपण जैन नसताना हा सराव घेतला तर घ्यावा, पण तो कुठून आला आणि तिथे त्याचं मोल काय, हे विसरून त्याला नुसता ‘स्ट्रेस कमी करायचा उपाय’ करून टाकू नये.

श्वासावर कसा बसवतात

जप तीन पद्धतींनी करतात. दुसऱ्याला ऐकू जाईल असा वाचिक, ओठ हलतील पण आवाज येणार नाही असा उपांशु, आणि ओठही न हलवता मानस. नवख्यानं वाचिकापासूनच सुरुवात करावी. थेट मानसाला गेलं की पाचव्या मिनिटाला मन भाजी मंडईत असतं आणि ते कळतही नाही. आवाज असला की तो तुटतो, आणि तुटला की कळतं.

दिगंबर परंपरेत मंत्र श्वासावर बसवायची फार सुंदर रीत आहे. एक मंत्र तीन श्वासोच्छ्वासांत म्हणायचा. श्वास घेताना ‘णमो अरिहंताणं’, सोडताना ‘णमो सिद्धाणं’. पुन्हा घेताना ‘णमो आयरियाणं’, सोडताना ‘णमो उवज्झायाणं’. तिसऱ्यांदा घेताना ‘णमो लोए’, सोडताना ‘सव्वसाहूणं’. नऊ वेळा मंत्र झाला की सत्तावीस श्वासोच्छ्वास होतात, आणि कायोत्सर्गाचं माप म्हणून हेच नऊ णमोकार धरतात. कायोत्सर्ग म्हणजे शरीराची माया सोडून निश्चल उभं राहणं किंवा बसणं. आमच्या इंदूरजवळ गोमटगिरीला बाहुबलींची उभी मूर्ती आहे ना, हात सरळ खाली सोडलेली, तीच मुद्रा.

घड्याळ लावून पाहिलं तर मला नऊ मंत्रांना चार-पाच मिनिटं लागतात. एरवी तेवढ्या वेळात आपण साठ-सत्तरच्या आसपास श्वास घेतो, इथे सत्तावीस होतात. श्वास संथ झाला की, विशेषतः सोडायला जास्त वेळ लागला की, हृदयाचे ठोकेही थोडे उतरतात. यात चमत्कार काही नाही, शरीराची ती रीतच आहे. पण नुसते श्वास मोजायला बसलं तर कंटाळा येतो. इथे प्रत्येक श्वासाला वेगळा शब्द आहे, आणि ‘उवज्झायाणं’च्या जागी ‘आयरियाणं’ दुसऱ्यांदा आलं की लगेच लक्षात येतं, आपण इथे नव्हतो. ओढून-ताणून श्वास लांबवू नका. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर श्वासाची जोडणी सोडून द्या, साध्या चालीत म्हणा.

माळ एकशे आठ मण्यांचीच का, याची दोन स्पष्टीकरणं मी ऐकली आणि दोन्ही आवडली. श्वेतांबर गणतीत अरिहंतांचे बारा गुण, सिद्धांचे आठ, आचार्यांचे छत्तीस, उपाध्यायांचे पंचवीस, साधूंचे सत्तावीस. बेरीज एकशे आठ. दुसरं स्पष्टीकरण तत्त्वार्थसूत्रातून येतं आणि ते उलट बाजूनं मोजतं: माणूस चुकीचं किती तऱ्हांनी करतो? आधी मनात ठरवणं, मग तयारी करणं, मग प्रत्यक्ष करणं, हे तीन. प्रत्येक मनानं, वाणीनं किंवा शरीरानं, म्हणजे नऊ. प्रत्येक स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, किंवा कुणी केलेल्याला मान डोलावलेली, म्हणजे सत्तावीस. आणि प्रत्येकामागे क्रोध, मान (म्हणजे गर्व), माया (म्हणजे कपट), लोभ यांतलं काहीतरी. सत्तावीस गुणिले चार, एकशे आठ. बँकेत तीस वर्षं काढलेल्या बाईला हे गणित आवडणारच. पण त्यातलं ‘मान डोलावणं’ मला लागलं. चहाच्या टेबलावर कुणाची निंदा चालू असताना आपण नुसतं हसतो, त्याचाही एक मणी आहे.

माळ जवळ नसेल तर बोटांवर मोजता येतं. उजव्या हाताची चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, म्हणजे बारा. अंगठा पेरावरून पेरावर सरकवत जायचं. बारा झाले की डाव्या हातावर एक. असे नऊ वेळा. सिटी बसमध्ये, दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर, कुणाला कळणारही नाही.

आकड्यांचा चौकोन

आता ती पुस्तिका. तिला आनुपूर्वी म्हणतात, आणि या सगळ्यात मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट हीच. आनुपूर्वी म्हणजे क्रम. पाच ओळींना एक ते पाच आकडे दिलेले: १ म्हणजे अरिहंत, २ सिद्ध, ३ आचार्य, ४ उपाध्याय, ५ साधू. पानावर चौकोनांची जाळी, प्रत्येक पानात सहा ओळी. पहिली ओळ सरळ: १ २ ३ ४ ५. दुसरी: २ १ ३ ४ ५. तिसरी: १ ३ २ ४ ५. मग ३ १ २ ४ ५, मग २ ३ १ ४ ५, आणि सहावी ३ २ १ ४ ५. या पानावर ४ आणि ५ जागचे हलत नाहीत, फक्त पहिले तीन आपसात जागा बदलतात. पुढच्या पानावर शेवटची जोडी बदलते. आकडा दिसेल ती ओळ म्हणायची. पाच वस्तू एकूण एकशेवीस तऱ्हांनी मांडता येतात, म्हणून सहा ओळींची वीस पानं. सगळं म्हटलं तर सहाशे नमस्कार.

हे मुद्दाम बसून करून पाहिल्याशिवाय त्याची गंमत कळत नाही. मंत्र सरळ क्रमानं म्हणताना जीभ आपोआप पुढची ओळ सांगते. मन बाहेर हिंडून आलं तरी मंत्र बिनचूक पुरा होतो. हीच पाठांतराची अडचण आहे: पाठ झालं की त्यात आपण लागत नाही. आनुपूर्वी नेमका तोच आपोआपपणा मोडते. ‘२’ दिसतो, पण जिभेला सवयीनं ‘अरिहंताणं’ म्हणायचं असतं. त्या क्षणी तुम्ही तिथे असाल तरच ‘सिद्धाणं’ येतं. पहिल्या आठवड्यात माझ्या प्रत्येक पानात तीन-चार चुका व्हायच्या. तिसऱ्या ओळीपर्यंत हमखास गाडी घसरायची. चूक झाली की त्याच आकड्यापासून पुन्हा. रात्री तीनला जाग आली की मी दिवा लावून दोन पानं म्हणायला लागले. डोक्यात हिशेब आणि डोळ्यांपुढे आकडे, दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. हिशेबाला जागा सोडावी लागते. झोप लगेच आली असं नाही, पण अंधारात पडून राहून वाढणारी ती घालमेल गेली.

काही साधक ओळींसोबत रंगही पाहतात: अरिहंत पांढरे, सिद्ध लाल, आचार्य पिवळे, उपाध्याय हिरवे, साधू काळे किंवा गडद निळे. जैन ध्वजातले पाच पट्टे तेच. मला रंग फारसे जमले नाहीत, आकडेच बरे.

वही

लिहिण्याची पद्धत मराठी घरांना नवी नाही. रामनामाच्या वह्या कुणाच्या आजीनं लिहिल्या नाहीत? जैनांत मंत्रलेखनासाठी छापील वह्या मिळतात, रकाने आखलेल्या. मी खजूरी बाजारातून साधी चार रेघी वही आणली, इंग्रजी अक्षरं गिरवायला घेतात ती, कारण मला अक्षराची उंची सारखी ठेवायची होती.

जैनांचं लिखाणाशी नातं खूप जुनं आहे. हजारो पोथ्या हातांनी नकलून भांडारांत जपल्या गेल्या. नकलणारा लेखक कधी कधी शेवटी एक श्लोक लिहायचा: पाठ, कंबर, मान मोडली, नजर आखडली, तोंड खाली घालून कष्टानं हा ग्रंथ लिहिला, तो नीट सांभाळा. ज्या घरात हे संस्कार आहेत तिथे पुस्तकाला पाय लावत नाहीत, थुंकीनं पान उलटत नाहीत, पुस्तक जमिनीवर ठेवत नाहीत. काकीजींचा चौरंग म्हणूनच. दिवाळीनंतर कार्तिक शुद्ध पंचमीला श्वेतांबरांची ज्ञानपंचमी येते, तेव्हा पोथ्या-पुस्तकं बाहेर काढून त्यांची पूजा होते. दिगंबर घरांत हाच मान ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला.

लिहिताना काय होतं ते जवळून सांगते. ‘णमो’चा ‘ण’ काढताना पेन तीनदा वळतं. ‘सिद्धाणं’मधला ‘द्धा’ घाईत काढला तर ‘ध्दा’ होतो, द आणि ध ची अदलाबदल. ‘उवज्झायाणं’मध्ये अर्धा ज आणि पूर्ण झ, इथे हात हमखास अडखळतो. आणि ‘णमो लोए सव्वसाहूणं’मधला ‘लोए’ सुटतो. का कोण जाणे, मन गेलं की नेमका तोच शब्द गळतो. तोंडी जपातली चूक हवेत विरून जाते, कागदावरची तिथेच राहते. म्हणून मी सुटलेल्या जागेवर लाल पेननं गोल करायला लागले. महिनाभरात पानं चाळली तर एक गोष्ट दिसली: गोल बहुतेक सातव्या-आठव्या मंत्राच्या आसपास असायचे, आणि नवव्याला कमी. म्हणजे माझं मन सातव्या मंत्राला बाहेर जातं आणि स्वतःच परत येतं. हे मला साठाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर रोज नऊच लिहा. एकशे आठचा हट्ट पहिल्या महिन्यात नको. आकडा मोठा केला की हात धावतो, आणि धावणाऱ्या हातातून अक्षर नुसतं गळत जातं. मनात म्हणत म्हणत लिहा, अक्षराच्या पुढे उच्चार जाऊ देऊ नका. ‘णं’ म्हणताना ओठ मिटू द्या, नाकात घुमू द्या, तेवढ्या वेळात पेन अनुस्वाराचा टिंब देऊन मोकळं होतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी अठरा लिहून भरपाई करू नका. हे मी केलं होतं, आणि ती पानं सगळ्यात वाईट आली.

चूक झाली की काय करायचं, तेही परंपरेनंच सांगून ठेवलंय. सामायिक पूर्ण करताना म्हणतात, ‘तस्स मिच्छामि दुक्कडं’, त्यातलं माझं दुष्कृत मिथ्या होवो. संवत्सरीला, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या, क्षमा मागायच्या दिवशी, सगळ्यांना म्हणतात ते हेच शब्द. मन गेलं, कळलं, एवढं म्हणायचं आणि पुढच्या अक्षराला लागायचं. स्वतःला रागवत बसलं तर तो राग हीच पुढची चूक. क्रोधाचे सत्तावीस मणी माळेत आहेतच.

आणि मनाचा आजार असेल, आठवडेच्या आठवडे काही गोड लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. वही त्याच्या जागी ठेवू नका. मीही रक्तदाबाची गोळी घेतेच.

गेल्या ज्ञानपंचमीला काकीजींनी माझ्या वह्या मागितल्या, त्यांच्या पोथ्यांजवळ ठेवायला. चौरंगावर पांढरं वस्त्र, त्यावर पुस्तकं, एक पेन, आणि माझ्या चार रेघींच्या तीन वह्या. ठेवायच्या आधी त्या पानं उलटत बसल्या. किती झाले ते त्यांनी विचारलं नाही. लाल गोलांवरून हात फिरवला. मग दुसऱ्या वहीत एका पानापाशी थांबल्या. त्या पानावर एकही गोल नव्हता, नऊच्या नऊ मंत्र बरोबर होते, पण अक्षरं खालच्या रेघेला सोडून उजवीकडे उतरत गेली होती.

“उस दिन क्या हुआ था?”

तारीख बघितली. त्या दिवशी सकाळी पुण्याहून वहिनीचा फोन आला होता, दादाला अतिदक्षता विभागात हलवलं म्हणून. गाडी रात्रीची होती. दिवसभर करायला दुसरं काही नव्हतं.